बाबांना न पटलेले तीन गॅमन

प्रिय लॅव्हिनिया मावशीस,

क्लेमचा नमस्कार पोचावा. देवाच्या कृपेने इकडे आम्ही दोघे बरे आहोत. तुझे गुडघे व्हिटबीच्या दमट हवेत कसे आहेत ते कळावे. मी दर रविवारी चॅपलमध्ये इतर मोठ्या मागण्या आटोपल्यावर त्यांची आठवण देवाला करून देतो. बाबांना एकोणऐंशी पूर्ण झाली. खोकला नाही, ताप नाही, पण आई गेल्यापासून जेवणावर मन नाही. पट्ट्याला मी खिळ्याने दोन नवी भोके पाडून दिली आहेत आणि आता तिसऱ्यासाठी चामड्यात जागा शोधतो आहे. पत्र त्याबद्दलच आहे.

सप्टेंबरात एकदा बाबा चहा ढवळता ढवळता म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचं गॅमन असतं तर चार घास गेले असते." वीस महिन्यांत त्यांनी आपणहून मागितलेली ही पहिली वस्तू. मी सिग्नलच्या केबिनमध्ये सत्तावीस वर्षे काढलेला माणूस. दांडा ओढला की गाडी येते आणि मडक्यात टाकले की शिजते, एवढीच माझी समजूत. सगडन खाटकाकडून गॅमनसाठी डुकराची चार पौंडांची खारवलेली मांडी आणली. सकाळपासून पाण्यात भिजवली, एकदा पाणीही बदलले (इतपत मला ठाऊक होते). आई नेहमी कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात गॅमन शिजवायची, म्हणून मीही हंड्याखाली जाळ केला. फरक एवढाच, की आई आधी हंडा घासायची. सोमवारची नीळ तळाशी तशीच होती. मांस मऊ झाले, पण रंग आपल्या खाणीतल्या पाटीच्या दगडासारखा आला. बाबांनी ताट खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले. "क्लेम, हे शिजवलंस की धुतलंस?" म्हणाले. मग काटा ठेवून हळूच, "लॅव्हिनियाला विचार. तिला माहीत असेल."

मी विचारले नाही. कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आपल्या खोऱ्यात मयताच्या चहाला लोक येतात तेव्हा आधी टेबलावरच्या हॅमकडे बघतात आणि मग घरच्यांच्या डोळ्यांकडे. ते गॅमन घरी उकडून केलेले आणि जाड कापलेले असले की माणसाला मानाने पोचवले असे समजतात. बाबांनी आईच्या मयताच्या दिवशी दुकानातले पातळ कापांचे, कागदात गुंडाळलेले हॅम आणले आणि तू भर बैठकीत म्हणालीस, "माझ्या बहिणीला कागदातल्या हॅमवर वाटेला लावलीत?" बाबा उठून अंगणात गेले आणि तू चारच्या गाडीने गेलीस. केबिनमध्ये बदली माणूस नव्हता, म्हणून त्या गाडीला हिरवा सिग्नल दाखवणारा मीच होतो. देव माझे पुष्कळ अपराध विसरेल, पण तो दांडा मी किती सावकाश ओढला, हे त्याने जरूर ध्यानात ठेवावे.

असो. दुसऱ्या खेपेला भाजायचे ठरवले. आधी उकडले (घासलेल्या हंड्यात), साल काढली, चरबीवर सुरीने चौकटी आखल्या, तांबडी साखर आणि मोहरीचा लेप दिला. प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचायची, असे शेजारच्या मिसेस आर्मिटेज म्हणाल्या होत्या. मला एक थोडी वाटली, म्हणून मी चार चार खोचल्या. भट्टीतून बाहेर काढल्यावर बाबा बराच वेळ बघत राहिले. "साळिंदर कुठे मिळालं तुला?" खाल्ले मात्र अर्धा काप, आणि जीभ बधिर झाल्यामुळे "लॅव्हिनियाला विचार" हे त्यांना दोनदा म्हणावे लागले.

तिसरी खेप सांगायची लाज वाटते. सगडन म्हणाला, की सफरचंदाच्या दारूत उकडले तर राजाच्या पंगतीला शोभेल. मावशी, मी नवव्या वर्षी चॅपलमध्ये थेंबही न पिण्याची शपथ घेतली आहे. पण शपथ पिण्याची होती, उकडण्याची नव्हती, अशी मनाची समजूत घालून पबच्या मागच्या दाराशी रिकामा जग घेऊन उभा राहिलो, आणि परत फिरतो तो समोर मिसेस आर्मिटेज.

"जगमध्ये काय आहे रे क्लेम?"

खोटे बोलवेना. म्हणालो, "डुकरासाठी आहे."

"अगं बाई! डुक्कर कधी पाळलंस?"

"पाळलेलं नाही, मेलेलं आहे."

"मग त्याला कशाला हवी?" म्हणाल्या, आणि रविवारी सगळ्या चॅपलने 'आम्हांस मोहात पाडू नकोस' या प्रार्थनेला माझ्याकडे वळून 'आमेन' म्हटले. पण गॅमन! मावशी, तोंडात विरघळत होते. बाबांनी एक अख्खा काप खाल्ला, मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायला सुरुवातही केली, आणि त्यांनी काटा ठेवला. "उत्तम झालंय. पण तिचं असं नव्हतं. लॅव्हिनियाला विचार."

मला तरी काय आठवते? खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, हंड्याच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला तू. घड्याळाकडे न बघता तुम्ही दोघी स्तोत्रे म्हणून वेळ मोजायचात, पौंडाला चार. आई कडवी गाळते म्हणून तू रागवायचीस, आणि तू सूर ओढतेस म्हणून मांस जास्त शिजते, असे आई म्हणायची. बाबा दाराच्या चौकटीला टेकून दोघींना चिडवायचे आणि कडेचा पहिला गरम तुकडा पळवायचे. इतक्या हसण्यात शिजलेल्या पदार्थात काय काय घातले होते, ते माझ्या लक्षात कसे राहणार? म्हणून विचारतो. कृती कळवावीस.

तुझा आज्ञाधारक भाचा,
क्लेम ओल्डरॉइड

ता. क. पत्र बाबांना वाचून दाखवले. कृतीपाशी आल्यावर म्हणाले, "त्यात काय कळवायचंय? पाणी दोनदा बदलायचं, एक कांदा, दोन गाजरं, दहा मिरे, पौंडाला वीस मिनिटं, आणि त्याच पाण्यात निवू द्यायचं." मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तर तीन महिने मावशीला विचार, मावशीला विचार काय चाललं होतं?" त्यांनी टोपी घातली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले. दाणे सकाळीच टाकून झाले होते. मावशी, मी मंदबुद्धी आहे. तुला विचारायचे तर तुला पत्र लिहावे लागते, हे मला आत्ता समजले.

ता. क. २. तेव्हा कृती पाठवू नकोस. नाताळच्या आदल्या दिवशीच्या सकाळच्या गाडीने तूच ये. सगडनला नऊ पौंडांचे सांगून ठेवले आहे.

ता. क. ३. बाबा आत येऊन विचारत आहेत, "कागदातलं हॅम आणलं ही माझी चूक झाली, असं लिहिलंस का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग लिही. आणि पेन इकडे दे, सही मी करतो."

एझ्रा ओल्डरॉइड