तुमच्या सुतकात खणलेला डोंगर

प्रिय सासूबाई,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण मी तुमच्यावर भयंकर चिडलेय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर आवाज चढवायची सोय नव्हती. आज तुमचं तेरावं उरकलं, सुतक फिटलं, माणसं जेवून गेली. उद्या ग्रामसभा आहे. तिथे तोंड उघडण्याआधी तुमच्याशी भांडून घ्यायचंय, म्हणून लिहितेय.

तुमचा डोंगर खणायला घेतलाय!

तुम्हाला पोहोचवून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी पोकलेनची घरघर ऐकू आली. आपल्या पाड्यावर सुतकात मातीला लोखंड लावत नाहीत. गेलेल्या माणसाला लागतं म्हणून कुदळ, फावडं, नांगर सगळं भिंतीला टेकवून ठेवतात. तसं ठेवलं होतं. आणि वर तो एवढा मोठा लोखंडी पंजा डोंगरात घुसत होता! तुमचा मुलगा डोकं भादरून ओटीवर बसला होता. म्हणाला, "सुतक फिटू दे, मग बघू." तोवर बघायला डोंगर राहील का, हे कोणी विचारायचं?

कुठल्याशा रस्त्याच्या भरावाला मुरूम हवाय म्हणे. परवानगीचा कागदही आहे. त्यात मुरूम लिहिलाय, झऱ्याचं नाव नाही.

मी नरपडहून इथे तलासरीच्या डोंगरात लग्न होऊन आले ते ऐन वैशाखात. माझ्या माहेरी समुद्र जवळ, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. तुमच्या झऱ्याचं पाणी प्यायले आणि विचारलं, हे इतकं गोड कसं? तुम्ही हसलात. "अगं, डोंगर पावसात पोटभर पितो न उन्हाळ्यात आपल्याला पाजतो." पावसाचं पाणी त्या मुरमातच मुरून राहतं, सावकाश पाझरत खाली येतं. म्हणजे आपल्या पाड्याची टाकीच ती. आणि ती टाकी डंपरमधून चाललीय! झरा लाल झालाय, धार करंगळीएवढी. हंडा भरेपर्यंत पायाला मुंग्या येतात.

आठव्या दिवशी मी एकटीच वर गेले. कंत्राटदार खुर्ची टाकून सावलीत बसला होता. म्हटलं, "आमच्या सासूबाईंनी तुम्हाला भर सभेतून हाकललं होतं, विसरलात?"

तो अगदी अदबीने म्हणाला, "ताई, आजीचा शब्द आम्ही पाळला. त्या काय बोलल्या होत्या? मी हाय तवर या डोंगराला कोणाला हात नाय लावू देणार. त्या होत्या तोवर एक गाडी तरी आली काय? आता त्या नाय राहिल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का बोललात हो असं? 'मी हाय तवर'! बाकीचे आम्ही कोण होतो? दम्याने भाता झालेल्या त्या छातीवर तुम्ही एकटीने डोंगर तोलून धरलात, आणि सगळ्यांनी खुशाल टाळ्या वाजवल्या. आठवतंय, तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर त्याचा माणूस चिकूची पेटी घेऊन आला होता? तब्येत कशी आहे, डॉक्टर काय म्हणतात, सगळं विचारून गेला. तुम्ही म्हणालात, "वाईट नाय गं तो." वाट बघत होता मेला! आणि आपण ते चिकू खाल्ले.

तशीच खाली आले आणि भिंतीला टेकवलेली तुमचीच कुदळ उचलली. डंपरच्या वाटेवर आडवा चर खणायला लागले. मोठ्या काकी धावत आल्या. "अगे, सुतक हाय! म्हातारीला लागंल!"

"तिला लागायचं ते लागलंय, काकी. वर बघा."

काकी वर बघत राहिल्या. डोंगराची अख्खी एक बाजू गेली होती. मग त्यांनी पदर खोचला आणि घमेलं उचललं. त्यांच्यामागून पाड्यातल्या साऱ्या बायका आल्या.

तुमचा मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही खरंच रागावला होतात का? रागवा. पण रागवायचंच तर त्या पोकलेनवर आधी रागवा ना!

चरामुळे गाड्या थांबल्यात. कंत्राटदाराने निरोप पाठवलाय, ग्रामसभेचा होकार झाला की चर बुजवून टाकतो. त्याला वाटतं, आता बोलणारी म्हातारी नाही.

सासूबाई, शब्द देते. उद्या मी उभी राहीन आणि तुमचंच वाक्य म्हणेन, मी हाय तवर नाय. मग काकी म्हणतील. मग एकेक बाई उठून म्हणेल. जिची पोर अजून झोळीत आहे, ती पोरीला उचलून धरून तिच्या नावाने म्हणेल. मग त्याला विचारीन, बोल, आता कोणाकोणाला चिकू पाठवतोस?

तुमची,
तुमच्याच कुदळीने सुतक मोडलेली सून,
शेवंता