डाव्या पायाचा गमबूट

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत आहेत, माझा डावा गमबूट सोडून. तो तुझ्या घोड्याच्या सेवेत कामी आला. आठवडाभर मी तबेल्यात एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात तुझ्या भावोजींची चप्पल घालून फिरते आहे. घोडेस्वारी शिकायला येणारे हसतात. घोडा साधी दखलही घेत नाही.

झालं असं, की महाराज पुढच्या पायाने लंगडू लागले. भावोजींनी निदान केलं, "मान उजव्या पायावर खाली जाते, म्हणजे दुखणं उजवंच." आणि असं झकास बँडेज बांधलं की फोटोच काढावा. दुसऱ्या दिवशी त्याने डावा पाय टेकणंच सोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काका, दुखरा पाय टेकताना घोडा मान वर घेतो. तुम्ही धडधाकट पाय बांधलात." भावोजींना नेमकं तेव्हाच पाणी आणायचं आठवलं.

पत्र इथेच संपवणार होते. पण माझ्या पोटात काही राहत नाही.

तो घामाने निथळत होता. बाईंनी शिरा, सांधे चाचपले. कुठे सूज नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत हाड मोडलं असेल तर इंजेक्शन देऊन सोडवावं लागेल. मालकिणीला कळवा."

"कळवते," म्हटलं, आणि फोन उचलून परत ठेवला. घर विकून, त्याला आमच्याकडे ठेवून फ्लॅटमध्ये गेलीस तेव्हापासून इकडे फिरकली नाहीस. फोनवर सगळ्यांची चौकशी करतेस, त्याची सोडून. आता यायचं ते त्याला निरोप द्यायला, हे मला सोसलं नसतं.

बाईंनी नाल काढून चिमट्याने तळवा दाबला तसा तो थरारला. थोडं खरवडलं, तर काळा पू. बारीकसा खडा शिरून खूर आतून पिकला होता, बस. "गळवानेही हाड मोडल्यासारखाच लंगडतो," बाई म्हणाल्या. मी पालथ्या बादलीवर बसले ती बसलेच. भावोजींनी औषधाच्या पट्टीवर माझ्या बुटाचं रबर कापून बांधलं. या वेळी बरोबर पायाला.

काल तो चारही पाय टेकून अंगणात फिरला. फाटक वाजलं की कान टवकारतो. ते माझ्यासाठी नव्हे, एवढं मलाही कळतं. येशील तेव्हा गमबूट आण.

जाताना म्हणाली होतीस, "रोज त्याला एक गाजर माझ्या नावाने दे." "घोड्याला नावं कळतात होय?" म्हणून मी हसले होते, आणि एकदाही दिलं नव्हतं.

आज दिलं. तुझं नाव घेऊन.

वाट बघणारी,
ताई