खोट्या नवऱ्याच्या खऱ्या बायकोचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा सोफे व खुर्च्यांना नवे कापड चढवणे, आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या कापायच्या मेजाशी बसून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. माझ्या आयुष्याची पहिली सव्वीस वर्षे मला आठवत नाहीत, हे खरे. पण न आठवणे वेगळे आणि वेड लागणे वेगळे. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यापायीच मला हा कागद करावा लागत आहे. हे माझ्याकडून कोणी बसवून लिहून घेतलेले नाही. मला बसवून काही करून घेणे किती अवघड आहे, ते या गल्लीत कोणालाही विचारावे.

१. घर आणि कारखाना

कोपऱ्यावरचे दुमजली घर, खाली कारखाना व वर राहायच्या दोन खोल्या, हे सर्व, ज्याच्याबरोबर मी संसार केला त्या कारागिराने हयातीतच माझ्या नावावर केले. माझ्यानंतर ते माझ्या एकुलत्या एक लेकीचे. तिच्याशिवाय यात कोणाचाही वाटा नाही.

मी काही न लिहिता गेले तर कायद्याने यातला हिस्सा घड्याळवाल्यांना जाईल. घड्याळवाले म्हणजे मोठ्या चौकातल्या घड्याळांच्या दुकानाचे मालक आणि कागदोपत्री माझे पती. हकीकत इथेच नोंदवते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी तिखटमीठ लावायला नको.

सव्विसाव्या वर्षी मी जिन्यावरून पडले असे म्हणतात. शुद्धीवर आले ती दवाखान्यात. नाव सांगता येईना, घर सांगता येईना. त्या दिवसांत कारागीर तिथल्या बाकांच्या फाटक्या बैठका शिवायला येत असे. सगळे त्याला कारागीरच म्हणत आले, मीही तेच लिहिते. मी त्याच्या शेजारी जाऊन बसायची. एकदा त्याला म्हणाले, "तुमची शिवण वाकडी जातेय."

"तुम्ही शेजारी बसलात की जाते," तो म्हणाला.

एके सकाळी घड्याळवाले आणि त्यांची थोरली बहीण आले. दाराच्या काचेतून त्यांनी मला पाहिले. बहीण म्हणाली, "हिला स्वतःचं नाव माहीत नाही. जन्मभर हिला सांभाळणार कोण? तू?" तेवढ्यात परिचारिकेने विचारले, "ओळखता का यांना?" घड्याळवाले म्हणाले, "नाही. ही आमची नव्हे." कारागीर बाकाखाली आडवा होऊन खिळे ठोकत होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला. त्यांच्या लेखी तिथे कोणी नव्हतेच.

मग मला वेड्यांच्या इस्पितळात हलवायचे ठरले. ज्या दिवशी हलवायचे त्या दिवशी कारागीर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "ही माझी बायको आहे. घेऊन जायला आलोय."

मी त्याला विचारले, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुला आपणहून आठवतंय का ते बघत होतो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे तुमचे पती का?"

"असतील," मी म्हणाले.

२. हत्यारे

कात्र्या, वाकड्या सुया, पट्टे ताणायचा ठोकळा, दोन्ही हातोड्या आणि शिवणयंत्र हे सारे आमच्याकडे यंत्रावर बसणाऱ्या वहिनींना द्यावे. त्यांना हवी तितकी वर्षे कारखाना बिनभाड्याने चालवू द्यावा. लहान हातोडीचा दांडा सैल आहे. तो बदलू नये, वहिनींच्या हाताला तो तसाच लागतो.

ही सगळी हत्यारे धरायला मला कारागिराने शिकवले. आणि शिकवता शिकवता, खुर्चीत काथ्या भरावा तसा माझ्यात भूतकाळ भरला. आपले लग्न चार माणसांत झाले, तुला निळा रंग आवडतो, माझी आई तुला जीव लावायची, तू पहिल्यापासून चिडकी आहेस. मी हे सगळे खरे धरून चालले. निळे कपडे घातले. कधीही न पाहिलेल्या सासूची आठवण काढून रडले. लेक झाली. मी सुखात होते, हे शपथेवर लिहून देते.

३. सिनेमाच्या दोन खुर्च्या

वरच्या खोलीत खिडकीशी लाल मखमलीच्या दोन जोडखुर्च्या आहेत. सिनेमागृह पाडले तेव्हा मी त्या मागून आणल्या. त्या लेकीने ठेवाव्यात. विकू नयेत.

लेक तीन वर्षांची असताना त्या सिनेमागृहाच्या सगळ्या खुर्च्या आम्ही नव्याने मढवल्या. काम संपले तशी व्यवस्थापकाने आम्हाला दुपारच्या खेळाला बसवले. चित्रपट जुना, काळापांढरा. मोठ्या घरातली एक मुलगी बोटीच्या अपघातात सगळे विसरते. एक देखणा माणूस येतो, मी तुझा नवरा म्हणतो आणि तिला समुद्रकाठच्या बंगल्यात घेऊन जातो. ती त्याच्यावर जीव टाकते. मग कुठे एक अंगठी बोटात बसत नाही, कुठे एक खोली कायम बंद असते आणि तिला संशय येऊ लागतो.

इथे कारागीर उठला.

"अहो, कुठे निघालात?"

"हातोडी बाहेर राहिली."

हातोडी त्याच्या हातातच होती.

मी शेवटपर्यंत बसले. पडद्यावरचा लबाड कड्यावरून पडून मेला, मुलीला सगळे आठवले, खऱ्या नवऱ्याने तिला मिठीत घेतले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला कोणाकडे जायचे आहे, हे अख्ख्या चित्रपटात तिला एकानेही विचारले नाही. मी बाहेर आले. कारागीर पायरीवर बसला होता, चेहरा पांढराफटक.

"अहो, तुम्ही माझे कोण?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

मग त्याने सगळे सांगितले. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आपलं लग्न?"

"झालं नाही."

"आणि तुमची आई?"

"आई होती. मी लहान असतानाच गेली. तिला तू आवडली असतीस."

"निळा रंग?"

"तो मला आवडतो."

"आणि मी पहिल्यापासून चिडकी?"

"ते खरं आहे. ते मी बाकावरच पाहिलं होतं."

मला हसू आले होते. ते मी दाताखाली दाबले. हसले असते तर त्याला तिथेच सुटल्यासारखे वाटले असते.

त्या दिवशी माझ्या तोंडातले 'अहो' गेले ते गेलेच. मी त्याला अरेतुरे करू लागले आणि खाली कारखान्यात झोपायला पाठवले. अख्खा हिवाळा तो काथ्याच्या पोत्यांवर निजला. लेक त्याचे ताट घेऊन जिना उतरायची. तिला तो खेळ वाटायचा.

४. घड्याळवाले

कारागिराच्या सांगण्यावर तरी विश्वास का ठेवायचा? म्हणून त्याच हिवाळ्यात मी एक बंद घड्याळ घेऊन मोठ्या चौकात गेले. काउंटरपलीकडच्या माणसाने मान वर केली. डोळ्याला लावलेले भिंग गळून काचेवर पडले. मला तो चेहरा अनोळखी होता. त्याला माझा नव्हता.

"हे दुरुस्त होईल का?" मी विचारले.

"आम्ही... या बनावटीचं घेत नाही."

मी रस्ता ओलांडते न ओलांडते तोच भर दुपारी दुकानाचे शटर खाली आले. मला हवे ते उत्तर मिळाले.

पुढे छत्तीस वर्षे या गृहस्थांनी माझी विचारपूस केली नाही. कारागीर दोन वर्षांपूर्वी गेला. मग आमच्या गल्लीतल्या जागांना भाव आला आणि घड्याळवाल्यांना एकदम बायको आठवली. वकिलाला घेऊन आले. म्हणाले, "आपली फारकत झालेली नाही. झालं गेलं विसरून जाऊ."

"मी तर तेव्हाच विसरले," मी म्हणाले. "तुम्हाला इतकी वर्षं सगळं आठवत होतं. लाज वाटायला हवी ती तुम्हाला."

वकील म्हणाला, "बाईंची मानसिक अवस्था पूर्वीपासूनच..."

मी त्याला वाक्य पुरे करू दिले नाही. तो ज्या खुर्चीवर बसला होता ती एका गिऱ्हाइकाची होती. तिच्यावरून त्याला उठवले.

घड्याळवाल्यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. माझ्या अंत्यसंस्काराला ते आले तर त्यांना हाकलू नये, पण पुढच्या रांगेत बसवू नये. ते कोण असे कोणी विचारले, तर घरच्यांनी "आम्ही ओळखत नाही" असे सांगावे.

५. शिल्लक

बँकेतले जे असेल ते लेकीचे. त्यातून तिने दवाखान्यातल्या बाकांना दर काही वर्षांनी नवे कापड घालून द्यावे. स्वस्तातले घालू नये. तिथे माणसे फार वेळ बसतात.

६. फोटो

हे कलम लेकीसाठी आहे. इतरांनी वाचले तरी चालेल.

बाई गं, घड्याळवाले येऊन गेल्यावर तू परगावाहून धावत आलीस. मी सगळे सांगितले तशी तू उठलीस आणि बापाचा फोटो भिंतीवरून काढलास. म्हणालीस, "बाबांनी तुला चोरलं, आई. बिचारी तू." मी फोटो परत लावला. तू पुन्हा काढलास. आता माझ्या इच्छेप्रमाणे तो कारखान्याच्या दारासमोरच्या भिंतीवर लागेल आणि घर तुझ्याकडे आहे तोवर तिथेच राहील. ही विनंती नव्हे, अट आहे.

तुला एक ठाऊक नाही. हिवाळा सरला तेव्हा मी खाली गेले. कारागीर तोंडात खिळे धरून एक आरामखुर्ची ठोकत होता.

"विचार," मी म्हणाले.

त्याने एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला. "काय विचारू?"

"दवाखान्यात तू डॉक्टरांना सांगितलंस, मला विचारलं नाहीस. आता विचार."

त्याने खिळे खिशात टाकले. मग म्हणाला, "राहशील?"

"बघते," म्हणून मी वर गेले. दोन-तीन दिवस त्याला मुद्दाम टांगून ठेवले. मग खालची त्याची गादी स्वतः वर आणली.

तेव्हा बिचारी म्हणायचे नाही. काल रात्री फोनवर तू विचारलेस, "म्हणजे तू बाबांना माफ केलंस?" मी उत्तर न देता फोन ठेवला, कारण ते लिहून द्यायचे होते. नाही. माफ केलेले नाही. तो गेला त्या सकाळीही केले नव्हते, आणि त्याला ते माहीत होते. मी त्याच्याबरोबर राहिले, आपणहून, सगळे कळल्यावर. माफी देणे वेगळे आणि राहणे वेगळे. राहणे जास्त कठीण असते, आणि ते मी केले.

येथवर लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले. माझ्या मनात होते तेच कागदावर उतरले आहे. हा कागद तपासणाऱ्या माझ्या वकीलबाईंनी पतीच्या नावाचा रकाना दाखवला. कायदा कारागिराचे नाव तिथे लिहू देत नाही आणि दुसरे नाव मी लिहू देणार नाही. रकाना कोरा सोडला आहे. बाकी सगळे पूर्ण आहे.

ठिकाण: माझे घर, कारखाना
दिनांक: १४ नोव्हेंबर, दुपारी

सही: (केली आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरचे कुलूपवाले (सही). त्यांनी वाचताना दोनदा नाक शिंकरले. कागद कोरडा आहे.