शपथ आणि चार चाकं

गालिया,

खारवलेला मासा भिजत घातलाय. बकरीने पुन्हा दोरी खाल्ली. बद्रला शाळेतून तुझी बहीण आणेल. गॅरेजच्या फरशीवर सांडलंय ते रक्त नाही, लाल रंग आहे.

वाळूवर चालवायची गाडी पूर्ण झाली. सांगाडा पाण्याच्या पाइपांचा, इंजिन माझ्या मोटारसायकलचं. हो, त्याच मोटारसायकलचं. पाय मोडून इस्पितळात पडलो होतो, तेव्हा तुझ्यासमोर अल्लाची शपथ घेतली होती की पुन्हा तिच्यावर बसणार नाही. चार चाकं लावली म्हणजे शपथ मोडत नाही, असं इतके महिने मी स्वतःला समजावत होतो. तू एकदाच दारातून बघून म्हणालीस, "बरं झालं, आता चारही बाजूंनी पडशील." त्यानंतर गॅरेजकडे फिरकली नाहीस.

आज तू विहिरीवर गेल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. आवाज अगदी तोच. माझाच हात मोडलेल्या पायाकडे गेला, मग तुझं काय झालं असतं? लगेच बंद केलं.

म्हणून चालतच इमामांकडे निघालोय. ते म्हणतील, दहा गरिबांना जेवू घाल, शपथेतून सुटशील. तेवढे तांदूळ घरात आहेत. पण त्यांनी सोडवलं तरी तू नको म्हणालीस, तर गाडी भंगारात जाईल. चावी तुझ्या पिठाच्या डब्यावर ठेवली आहे.

थुवैनी

सांगाड्यावर सगळ्यात आधी तुझी सीट बसवली होती, इंजिन त्यानंतर.