शालनचं इंग्रजी, माझ्या भाकरी

४ जानेवारी
सुनीताचा इंग्लंडहून फोन. मार्चअखेर बाळंतपण, आईला पाठवा म्हणाली. माझे गुडघे आणि शुगर बघता मी इथंच, काष्टीला. फोन ठेवल्या ठेवल्या शालन म्हणाली, "मला इंग्रजी शिकवा. पोर बाळंतीन, जावई ड्यूटीवर. दुकानात कोन जाईल?" जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, मास्तरकी कधी नाही. बायकोला नाही कसं म्हणणार?

६ जानेवारी
खाण्यापिण्यापासून सुरुवात. इंग्रजीत केळी, अंडी, टोमॅटो मोजायचे. दूध, साखर, तांदूळ, ब्रेड मोजायचे नाहीत. शा. म्हणाली, "पाव मोजत न्हाईत? मग बेकरीवाला काय अंदाजानं देतो व्हय?" पुस्तकात तसंच आहे म्हणालो. आवाज चढला माझा, उगाच.

१० जानेवारी
शनिवारचा बाजार. पिशवी माझ्या हातात, इंग्रजी तिच्या तोंडात. "टू किलोज ऑफ पोटॅटोज. सम कोथिंबीर." भाजीवाली म्हणाली, "मावशी, निघाल्या का इमानानं?" शा. अजिबात लाजली नाही. मीच इकडंतिकडं बघत होतो. पण आतून छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

१५ जानेवारी
जेवताना सराव. तिनं मला विचारायचं, हाऊ मेनी भाकरीज डिड यू ईट? वाक्य पाठ, पण तोंडातून काढेना. शेवटी म्हणाली, "जेवनाऱ्याच्या भाकरी मोजू न्हाई. आईनं कधी मोजल्या न्हाईत, मी बी मोजनार न्हाई. दुसरं काय बी सांगा." मग दुधाचं विचारलं, चहाचं विचारलं. बिनचूक.
डॉक्टरांनी मला दोनच भाकरी सांगितल्यात. ही दोन झाल्या की चतकोर तोडून ताटात सारते. मग आणखी एक चतकोर. ओरडलो तर म्हणते, "चतकोराला काय भाकरी म्हनत्यात का?" तिकिटं मोजण्यात केस पिकले, पण स्वतःच्या घरात हिशोब लागत नाही.

२ फेब्रु.
"अ कप ऑफ टी, प्लीज" म्हणत माझ्याकडूनच चहा करून घेतला. आता अडत नाही. मला वाटलं होतं कंटाळेल, नको बाई ते इंग्रजी म्हणेल, जायचंच रद्द करेल.
इतकं चांगलं शिकवायला नको होतं.

२१ फेब्रु.
काल मुंबईला विमानतळावर सोडून आलो. आत जाताना एवढंच म्हणाली, "पोटभर जेवा." तिनं भाकरी थापायला शिकवलं होतं, आज जमल्या. कडा फाटल्या, पण भाकरीच. ताटात दोन. जेवण झालं तरी बसून राहिलो, कोणी काही सारेना. मग उठलो.

२९ मार्च
नात झाली! दोघी बऱ्या आहेत. शा. रडत होती, मीही. गल्लीत पेढे वाटले.

१७ मे
शा. एकटी तिकडच्या भाजीबाजारात जाऊन आली. सम टोमॅटोज म्हणाली. भाजीवाल्यानं विचारलं, हाऊ मेनी? "मी म्हनले, खानारी मान्सं तीन हायेत, तुमीच बघा." हे सगळं मराठीत! तो हसला आणि पिशवी भरून दिली म्हणे. सांगताना तिचा आवाज असा, की मला लग्नातली शालन आठवली.

८ जून
सकाळी शुगरचा रिपोर्ट. एकदम नॉर्मल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर खूश. "असंच चालू द्या," म्हणाले. असंच म्हणजे कसं, त्यांना काय माहीत.
संध्याकाळी सुनीताचा व्हिडिओ कॉल. "अण्णा, आईचं या महिन्याचं तिकीट पुढं ढकलू का? तुमचं जमतंय ना?" मागून शा.चा आवाज, "आधी इचार त्यांला, रिपोर्ट काय आला?"
उद्या येईल, म्हणालो.
चांगला आला म्हटलं तर तिकडं निर्धास्त राहील. बिघडला म्हटलं तर मिळेल त्या विमानानं धावत येईल. नात तिच्या मांडीवर झोपलेली दिसत होती.
रिपोर्ट सदऱ्याच्या खिशात आहे. शालन, मला करमत नाही गं. एवढंच सांगता आलं असतं तर...