फडक्याने पुसलेले ग्लास

शुक्रवार संध्याकाळ, मँचेस्टर

जपानी ब्रुअरीच्या नव्या टॅपरूममध्ये, म्हणजे तिच्याच बिअरच्या बारमध्ये, आज माझी ट्रायल शिफ्ट होती. तिथेच काम करणाऱ्या माझ्या मित्राने, निलेशने, चिकटवलं मला. ग्लास नुसते निथळू दे, असं त्याने बजावलं होतं. पण ओले ग्लास मला बघवेनात. मी सगळे फडक्याने लख्ख पुसले.

पहिलीच बिअर ओतली आणि फडक्याचे बारीक तंतू राहिले होते तिथे तिथे बुडबुडे काचेला चिकटून बसले. मालकीणबाईंनी ग्लास उजेडात धरला. "हे कोणी पुसले?"

"मी," निलेश म्हणाला. मी फडकं पाठीमागे धरलं. का?

बाहेर आल्यावर तो हसला. "अरे शहाण्या, माझी नोकरी पक्की आहे. तुझी अजून व्हायचीय."

ते चिकटलेले बुडबुडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आत्ता त्याचा मेसेज आला. मॅडमनी उद्या दहाला त्याला एकट्याला बोलावलंय.

मी साडेनऊलाच दारात असेन.