संयोगिताच्या नावापुढचा आकडा

प्रिय संयोगिता,

सकाळपासून तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत तीनदा कापला. तू उलट फोन केलास तेव्हा 'चुकून लागला गं' म्हणून मोकळी झाले. चुकून काही लागला नव्हता. म्हणून हे पत्र. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, तरी नेटानं वाच. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. मधेच भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. आई शेवटी म्हणाली, "निशा, तुला झालंय तरी काय? एका जागी बूड टेकंना तुजं."

कंपनीची बस अजून कावळा नाक्यावरून सात-पाचलाच सुटते. ड्रायव्हरमागची तुझी खिडकी आता अकाउंट्सच्या शिवानीनं बळकावली आहे. ती बसल्या बसल्या झोपते. तू वडगावहून पहिली एसटी धरून धापा टाकत चढायचीस आणि कागल येईपर्यंत भडंगाची पुडी संपवायचीस, त्यातली निम्मी माझ्या ओढणीवर सांडून. आता माझी ओढणी स्वच्छ असते आणि मला ते मुळीच आवडत नाही.

फेब्रुवारीत सर्व्हर भरला होता तो दिवस आठवतो? वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल ते आधी संगणकावर बघायचं तुझं काम, आणि त्या अवाढव्य फायली जिथं राहतात तो सर्व्हर सांभाळायचं माझं. तेव्हा सगळं एकाच डिस्कवर एकत्र कोंबलेलं होतं, सिस्टिम, मेल, सगळ्यांच्या फायली. कुणीतरी भावाच्या लग्नाचे व्हिडिओ आणून टाकले आणि सगळं डिझाइन खातं दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसलं. आपले हेड कृष्णातसर दारातूनच ओरडले, "निशाताई, सर्व्हर हाय का धर्मशाळा हाय ही?" त्या आठवड्यात मी नवी डिस्क बसवली, तिचे भाग पाडले, लोकांच्या फायलींना स्वतंत्र पार्टिशन दिलं. त्यांनी कितीही पसारा केला तरी सिस्टिम बंद पडायला नको. शिवाय प्रत्येकाच्या जागेला कोटा ठरवून दिला. तू मला रेशन दुकानदारीण म्हणायला लागलीस ते तेव्हापासून.

तो कोटा कसा चालतो हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. प्रत्येकाला दोन मर्यादा असतात. पहिली इशाऱ्याची. ती ओलांडली तरी काम चालू राहतं, पण त्या क्षणापासून सात दिवस मोजायला सुरुवात होते. सात दिवसांत पसारा आवरला नाही, तर सर्व्हर नवीन काही लिहूच देत नाही. दुसरी मर्यादा पक्की, तिच्यापलीकडे एक दिवसही जाता येत नाही. इशाऱ्याचे मेल जातात ते सर्व्हरच्या आतल्या पेटीत. ती पेटी आपल्या कंपनीत कुणी उघडत नाही. उघडा म्हणून मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तो सोमवार. पुण्याचे गिऱ्हाईक लोक तुझं काम बघायला बाराला येणार होते. तू अकराला फाइल सेव्ह केलीस, सर्व्हरनं जुनी पुसली आणि नवी लिहायला नकार दिला. फाइल राहिली, आत काहीच नाही. मी बॅकअप काढून दिला, पण तो आठ दिवसांपूर्वीचा. पुण्याचे लोक चहा पिऊन निघून गेले. मीटिंगमध्ये सरांनी इशाऱ्याच्या मेलची यादी टेबलावर आपटली. "सात दिस मेल येत हुतं की! डोळं हुतं कुठं तुमचं?" तू मान खाली घालून उभी राहिलीस. आणि महिन्याभरानं राजीनामा देऊन जाताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू हुतीस म्हणून निम्मं तरी वाचलं गं." संयोगिता, ते वाक्य मला घास गिळू देत नाही.

आता सांगते. त्याच सोमवारी तीन वाजता, तू लेडीज रूममध्ये रडत होतीस तेव्हा, मी कोट्याचा तक्ता उघडून बघितला. तिथं जागेचे आकडे किलोबाइटमध्ये टाकावे लागतात. पन्नास जीबी म्हणजे आठ अंकी आकडा. बावीस माणसांचे आकडे मी हातानं टाकले होते. तुझ्या नावापुढचा इशाऱ्याचा आकडा सात अंकी होता. एक शून्य मी खाल्लं होतं. पन्नासाच्या जागी पाच जीबी. तुझ्या फायली कोटा लावला तेव्हाच अकरा जीबीच्या घरात होत्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून तुझे सात दिवस मोजले जात होते, विनाकारण. मी ते शून्य टाकलं, तक्ता बंद केला आणि मीटिंगला येऊन तुझ्या शेजारी बसले. गप्प. घरी पप्पांनी विचारलं, "तुजं काय न्हाय न्हवं त्यात?" मी म्हणाले, नाही.

का, ते मी स्वतःला शंभरदा विचारलं. आमच्या घरातली मी पहिली इंजिनिअर. नोकरी लागली तेव्हा बुद्धविहारात माझा सत्कार झाला होता. माझी चूक माझ्या एकटीची राहत नाही, लोक ती कुणाकुणाच्या नावावर लावतात ते मी शाळेपासून ऐकत आले आहे. हे खरं आहे. पण ही सबब आहे हेही तितकंच खरं. मला बोलणी बसू नयेत म्हणून मी ती तुला खाऊ दिली. त्यानंतर तू दोन मुलाखतींत स्वतःच्याच तोंडानं 'माझं दुर्लक्ष झालं' सांगितलंस, दोन्हीकडून नकार आला, आणि आता ऋतुराजच्या मोबाइलच्या दुकानात बसून रिचार्ज मारतेस. भाऊ चांगला आहे, पण तू त्यासाठी शिकली नव्हतीस.

परवा एका कंपनीतून मला फोन आला. तू अर्जात ओळखीच्या माणसाच्या जागी माझं नाव दिलंयस. कुणाचं नाही, माझं! समोरचा माणूस म्हणाला, "पोरगी हुशार हाय म्हणत्यात, पण फाइल घालवली असं ऐकलंय. बेफिकीर हाय का, तेवढं सांगा." मी म्हणाले, लेखी पाठवते. काल पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग लिव्ह की." लिहिलंय. दोन्ही आकडे, तारीख आणि खाली माझं नाव. उद्या नऊला तो मेल त्या कंपनीला जाईल आणि कृष्णातसरांनाही. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र घेऊन मी आता वडगावला निघाले आहे. ऋतुराजच्या हातात देईन आणि परत फिरेन, तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस आज नाही. शिव्या दे, बोलणं टाक, तुझं तू ठरव. फक्त मला अडवू नकोस. आणि पुढच्या मुलाखतीत फाइल कशी गेली असं कुणी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. निशानं घालवली म्हण.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
निशा